लिहितो म्हणजे लेखक झालो का?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, यावर आधी काथ्याकूट झाला असेल तर सांगा, तिकडे जाऊन वाचतो. तर झालंय असं की मी नोकरी करतो आणि रात्री लिहितो. कथा, कधी ललित, एक कादंबरी अर्धवट. थोडंफार छापून आलंय, बरंचसं साभार परत, आणि उरलेलं लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा नावांनी पडून आहे. आता कुणी ओळख करून देताना 'हे लेखक आहेत' म्हणालं की मला चोरी पकडल्यासारखं होतं, आणि समोरच्याने पुढचा प्रश्न विचारलाच की 'अरे वा, कुठलं पुस्तक?' तर मग झालंच.

माझा प्रश्न असा की माणूस लेखक होतो तरी कधी? पुस्तक आल्यावर? पैसे मिळाल्यावर? अनोळखी माणसाने वाचल्यावर? की नुसतं लिहिलं की झालं? 'मनापासून लिहीत राहा, यश तुमचंच आहे' टाइप प्रतिसाद प्लीज नकोत, ते सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

तिरकस
जागा पकडून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

निळी शाई
इतकं काय त्यात? जो लिहितो तो लेखक. छापणं वगैरे सगळं नंतरचं आणि बऱ्याचदा नशिबाचं. एमिली डिकिन्सनच्या जवळपास १८०० कविता आहेत, त्यातल्या हयातीत छापल्या गेल्या जेमतेम दहा, त्याही नावाशिवाय. १८८६ मध्ये ती गेली आणि मग बहिणीला तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. म्हणजे छापून येणं हीच अट धरली तर ती जिवंत असेपर्यंत कवयित्री नव्हती आणि मेल्यावर झाली, हे काही पटत नाही बुवा. आपल्याकडे बहिणाबाईंचं तेच. १९५१ ला गेल्या, कविता पुस्तकात आल्या १९५२ ला. स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, कामं करता करता गायच्या आणि सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने ते उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

तिरकस
निळी शाई, तुमची व्याख्या तुम्हीच दोन वाक्यांत मोडलीत. जो लिहितो तो लेखक म्हणालात आणि उदाहरण दिलंत ज्यांनी एक अक्षर लिहिलं नाही त्यांचं. :-)

निळी शाई
बरं बाबा, जो रचतो तो. मुद्दा पकडा ना, शब्द कसले पकडता.

गोष्टवेल्हाळ
मला वाटतं याचं उत्तर जर्मन कवी रिल्केने कधीच देऊन ठेवलंय. १९०२-०३ च्या सुमारास लष्करी शाळेतल्या एका पोराने, काप्पुस नाव त्याचं, आपल्या कविता त्याला पाठवल्या आणि विचारलं की चांगल्या आहेत का. रिल्केने कविता तपासल्याच नाहीत म्हणा ना, उलट त्याला सांगितलं की बाहेर विचारत फिरू नकोस, रात्रीच्या सगळ्यात शांत वेळी स्वतःला विचार की मला लिहिलंच पाहिजे का, आणि उत्तर हो आलं तर मग सगळं आयुष्य त्याभोवती उभं कर. मला हे नेहमी पटत आलंय. आतून रेटा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

अर्धविराम
गोष्टवेल्हाळ, रिल्केची ती पत्रं वाचलीत मी, सुंदरच आहेत. पण खरं सांगू का, त्या परीक्षेत मी नापास आहे. मी न लिहिता जगू शकतो. अगदी मजेत. मध्ये काही महिने एक ओळ लिहिली नव्हती तेव्हा झोप उलट छान लागायची. मग मी लेखक नाहीच का?

आणि गंमत म्हणजे तो काप्पुस पुढे कादंबऱ्या लिहून, वर्तमानपत्रात नोकरी करून जगला आणि आज त्याचं नाव कशासाठी माहितेय तर त्याला आलेल्या पत्रांसाठी.

तिरकस
या 'आतून रेटा' प्रकरणाला माझा कायमचा विरोध आहे. यातून असं होतं की पोरं रेटा यायची वाट बघत बसतात. इंग्रज कादंबरीकार ट्रोलोप बघा. पोस्टात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलावर हजर, समोर घड्याळ ठेवलेलं आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. एक कादंबरी संपली की दुसऱ्या दिवशी पुढची चालू. ४७ कादंबऱ्या. हे सगळं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं, आणि मग लोकांनी नाकं मुरडली की शी, हा तर कारकुनासारखा लिहायचा. म्हणजे कादंबऱ्या वाचताना आवडल्या होत्या, पण घड्याळ दिसलं आणि मूड गेला. कमाल आहे की नाही?

गोष्टवेल्हाळ
आणि फ्लोबेर? एका कादंबरीवर पाच वर्षं बसला. आठवड्याला एखादं पान हातात राहायचं असं पत्रांमधून रडगाणं गायचा. त्याला घड्याळ लावून बघा.

तिरकस
मग तोच तर मुद्दा आहे. एक घड्याळ लावून लिहितो, एक वाक्याशी कुस्ती खेळत बसतो, दोघंही लेखकच. म्हणजे वेगाचा संबंध नाही, रेट्याचाही नाही. रोज टेबलाशी जाऊन बसण्याचा आहे. फ्लोबेरही रोज बसायचाच की.

सावकाश
पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, सांभाळून घ्या. माझा प्रश्न वेगळा आहे. माझं शिक्षण विज्ञानाचं, वाचन बेताचं, व्याकरण यथातथा. लिहावंसं फार वाटतं पण इथले एकेक प्रतिसाद वाचून वाटतं आपण कुठल्या कोपऱ्यात बसावं. लेखक व्हायला काहीतरी शिक्षण लागतं का? हल्ली लेखनाचे कोर्स निघालेत ते करावेत का?

निळी शाई
सावकाश, स्वागत. अण्णा भाऊ साठे शाळेत गेले दीड दिवस. लिहिल्या तीसहून जास्त कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्यं, पोवाडे. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांच्या आठवणी आजही लोक परत परत वाचतात ते त्या भाषेसाठी, अगदी समोर बसून बोलल्यासारखी. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, पहिला संग्रह १९६२ चा. त्यामुळे डिग्रीचा विचार सोडा. पुढील लेखनास शुभेच्छा!

प्रूफवाला
निळी शाईंशी सहमत, पण एक जोड. या उदाहरणांचा लोक सोयीचा अर्थ काढतात की शिकायची गरजच नाही. शाळेत गेले नाहीत म्हणजे शिकले नाहीत असं नव्हे. अण्णा भाऊंनी शाहिरी केली, तमाशाच्या फडातून आलेले, हजारो माणसांसमोर शब्द कुठे पडतो आणि कुठे लागतो हे त्यांना रोजच्या रोज कळत होतं. श्रोता कंटाळला की लगेच दिसतो. घरात बसून लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून त्याला दुसरीकडून शिकावं लागतं.

कोर्सबद्दल म्हणाल तर वाईट काही नाही, डेडलाइन मिळते आणि आपलं लिहिलेलं आठ-दहा अनोळखी माणसं तोंडावर वाचतात, ते सोनं आहे. पण सर्टिफिकेट फ्रेम करू नका.

आता मूळ प्रश्न. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा. नामवंत, नवखे, हौशी, सगळ्यांची प्रूफं (छपाईआधी तपासायची पानं) हाताखालून गेली. पहिल्या खर्ड्यावरून मला आजवर कधी कळलं नाही की हा माणूस लेखक आहे की नाही. पहिला खर्डा सगळ्यांचाच गबाळा असतो, नामवंतांचा तर कधी कधी जास्तच. कळतं ते दुसऱ्या प्रूफावर. काही जण प्रूफ घेतात आणि फक्त स्वतःचं नाव, फोटो आणि अर्पणपत्रिका बघून परत पाठवतात. काही जणांना एखाद्या वाक्याशेजारी मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं की घरचं कोणी आजारी पडल्यासारखा चेहरा होतो. आणि थोडेच असे असतात की त्या वाक्याकडे बघतात, पुन्हा बघतात, आणि म्हणतात, हे कुणी लिहिलंय? काढा. किंवा म्हणतात, नाही, तुम्ही चुकताय, हे असंच पाहिजे, आणि का पाहिजे ते सांगतात. स्वतःचं वाक्य परक्याचं असल्यासारखं वाचता येणं, हे ज्याला जमायला लागलं तो माझ्या लेखी लेखक. मग त्याचं पुस्तक आलेलं असो नसो.

अर्धविराम
+१. हे काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटतंय. पण एक शंका, असं परक्याच्या नजरेने वाचायचं कसं? मी काल लिहिलेलं आज वाचतो तेव्हा मला त्यात काय लिहायचं होतं तेच दिसतं, काय लिहिलंय ते दिसत नाही.

प्रूफवाला
वेळ जाऊ द्या, हा पहिला उपाय. आठवडाभर तरी उघडू नका. दुसरा, मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळतो किंवा जिथे तुम्हालाच पटपट पुढे जावंसं वाटतं तिथे खूण करा. तिसरा, प्रिंट काढा किंवा निदान फॉन्ट तरी बदला, पान वेगळं दिसलं की डोळे फसत नाहीत. यात काही गूढ नाही, आमच्या धंद्यातल्या जुन्या युक्त्या आहेत.

तिरकस
आणि चौथा, दुसऱ्याच्या हातात कात्री द्या. कवी टी. एस. एलियट दिवसा बँकेत काम करायचा, त्याची ती १९२२ ची प्रसिद्ध दीर्घ कविता, 'द वेस्ट लँड', त्याचा कवी मित्र एझरा पाउंडने जवळजवळ निम्मी कापली. मूळ खर्डे १९७१ मध्ये छापून आलेत, पानापानावर खुणा दिसतात.

गोष्टवेल्हाळ
मग लेखक कोण, एलियट की पाउंड?

तिरकस
त्याने ती पाउंडलाच अर्पण केलीय, त्यामुळे हिशेब चुकता. पण मजा अशी की एलियट एक छोटा भाग स्वतःच काढून टाकायला निघाला होता, तो बुडालेल्या खलाशाचा, आणि पाउंड म्हणाला हात लावू नकोस. म्हणजे कापणाऱ्याला काय कापायचं नाही हेही कळावं लागतं. असा मित्र मिळाला तर घट्ट धरून ठेवा, बाकीचे मित्र 'मस्त लिहिलंयस' म्हणायला असतातच.

कोरा कागद
मी जरा व्यवहाराचं बोलू का. हे सगळं ठीक, पण पुस्तक कोणी छापत नाही त्याचं काय? एका प्रकाशकाने माझ्याकडेच पैसे मागितले, प्रती मीच विकायच्या असंही सांगितलं. स्वतः छापलं तर लोक म्हणतात हौशी. मग लेखक म्हणून मान मिळणार कसा?

निळी शाई
स्वतः छापण्यात लाज कसली? अमेरिकन कवी व्हिटमनने १८५५ ला पहिला संग्रह स्वखर्चाने काढला, काही पानांचे छपाईचे खिळे स्वतः जुळवले, आणि वर निनावी परीक्षणं लिहून स्वतःच स्वतःची स्तुती केली. (हा भाग घ्यायलाच पाहिजे असं नाही.) ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये पुरुषी वाटतील अशी टोपणनावं घेऊन, पदरचे पैसे घालून कविता छापल्या. पहिल्या वर्षात खपल्या दोन प्रती. दोन! आणि पुढच्याच वर्षी तिघींच्या कादंबऱ्या आल्या. व्हर्जिनिया वूल्फ आणि तिच्या नवऱ्याने १९१७ मध्ये घरातच छापखाना टाकला.

प्रूफवाला
कोरा कागद, स्वतः छापणं वेगळं आणि प्रकाशकाच्या नावाखाली तुमच्याच पैशाने छापून घेणं वेगळं. दुसऱ्यात पैसे तुमचे जातात आणि हक्कही बऱ्याचदा त्यांच्याकडे जातात. करारात कॉपीराइट कोणाकडे, किती वर्षांसाठी, ईबुक आणि भाषांतराचे हक्क कोणाकडे, प्रती संपल्या तर काय, एवढं वाचल्याशिवाय सही करू नका. लिहिल्याक्षणी हक्क तुमचा असतो, १८८६ च्या बर्न कराराने ज्या देशांना बांधलंय तिथे त्यासाठी नोंदणीसुद्धा लागत नाही. तो आपल्या हाताने देऊन टाकायचा नसतो.

मानाचं मला विचारू नका. मान मिळालेले आणि कोणी वाचत नसलेले पुष्कळ बघितलेत.

नवा गडी
एक बाळबोध शंका. आता एआय आहे ना, दोन ओळी सांगितल्या की कथा लिहून मिळते. मी कल्पना देतो, ते लिहितं, मी दुरुस्त करतो. मग मी लेखक का नाही? प्रूफवाले काकांच्या व्याख्येत तर मी चपखल बसतो, परक्याचं वाक्य म्हणून वाचायला मला काहीच त्रास होत नाही, कारण ते परक्याचंच आहे. :-D

तिरकस
काका, बोला आता. विकेट पडली.

प्रूफवाला
विकेट वगैरे नाही, प्रश्न चांगला आहे. तुम्हाला त्रास होत नाही हीच अडचण आहे. स्वतःच्या वाक्याला परकं करायचं तर आधी ते स्वतःचं असावं लागतं. ते लिहिताना तुम्ही कशाला तरी चिकटलेले असता, काहीतरी लपवत असता, कुठेतरी शान मारलेली असते, आणि नंतर ते सगळं दिसतं तेव्हा पोटात गोळा येतो. तो गोळा गिळून वाक्य काढणं हे काम आहे. मशीनचं वाक्य काढताना कोणाच्या पोटात काय होतं? तुम्ही संपादक व्हाल, कदाचित चांगले व्हाल, तोही मानाचा धंदा आहे.

नवा गडी
हम्म. पूर्ण पटलं नाही पण विचार करतो.

सावकाश
अर्धविराम, तुम्ही इतकं विचारताय तर तुमचाच एखादा परिच्छेद टाका ना. बघू तरी काका पेन्सिल कुठे लावतात.

अर्धविराम
आलं का माझ्यावर. ठीक आहे. एका कथेची सुरुवात आहे, हसू नका.

'निवृत्तीच्या दिवशी त्याला खूप वाईट वाटत होतं. इतकी वर्षं त्याने इमानेइतबारे नोकरी केली होती आणि आज सगळं संपणार होतं. त्याने ड्रॉवर रिकामा केला, तळाशी एक स्टेपलर होता, आणि तो ऑफिसचा की स्वतःचा हे त्याला काही केल्या आठवेना. आयुष्य असंच असतं, आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे शेवटपर्यंत कळत नाही.'

गोष्टवेल्हाळ
वा! शेवटचं वाक्य तर फारच सुंदर. कोरून ठेवावं असं.

तिरकस
शेवटचं वाक्यच काढा.

गोष्टवेल्हाळ
का?? तोच तर सगळा अर्थ आहे.

तिरकस
अर्थ स्टेपलरमध्ये येऊन गेला. नंतर लेखक पुढे येऊन सांगतोय की बघा हं, तुम्हाला कळलं नसेल तर मी समजावतो.

निळी शाई
मला तर पहिली दोन वाक्यंही नकोशी वाटली. 'खूप वाईट वाटत होतं' हे कोणत्याही माणसाबद्दल कोणीही लिहील. स्टेपलर मात्र याच माणसाचा आहे. किंवा नाहीये. :-)

सावकाश
मला नाही पटत सगळं काढायचं. 'इमानेइतबारे' राहू दे असं वाटतं, कारण इमानदार माणूस आहे म्हणूनच स्टेपलर कोणाचा हा त्याला प्रश्न पडतो ना? दुसरा असता तर खिशात घालून चालू पडला असता.

प्रूफवाला
सावकाश, तुम्ही कोपऱ्यात बसायच्या गोष्टी करत होतात. हे मला सुचलं नव्हतं.

अर्धविराम
थांबा थांबा. दोन दिवस द्या.

अर्धविराम
आलो. शेवटचं वाक्य काढलं. खोटं कशाला बोलू, ते मला सगळ्यात जास्त आवडत होतं, कथा लिहिली तीच त्या वाक्यासाठी होती, पण मोठ्याने वाचलं तर तिथे माझाच आवाज जरा भाषणासारखा झाला. पहिलंही काढलं. 'इमानेइतबारे' काढलंय, सॉरी सावकाश, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तो शब्द त्याच्याबद्दल इतरांनी निरोपाच्या भाषणात म्हणावा असं वाटतंय, मी लेखक म्हणून आधीच शिक्का मारायला नको. तर आता असं आहे:

'निवृत्तीच्या दिवशी त्याने ड्रॉवर रिकामा केला. तळाशी एक स्टेपलर होता, आणि तो ऑफिसचा की स्वतःचा हे त्याला काही केल्या आठवेना. खाली हॉलमध्ये माइक टेस्ट करत होते. तो ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून बसून राहिला.'

तिरकस
माइक टेस्ट भारी. 'अर्धा उघडा' जरा सिनेमातलं वाटतंय, तो उठून स्टोअरकीपरला विचारायला गेला तर?

अर्धविराम
नाही, विचारायला तो जाणार नाही. विचारलं तर ते ऑफिसचंच निघेल अशी त्याला भीती आहे. पण 'अर्धा उघडा' बद्दल बरोबर बोललात, ते बघतो.

गोष्टवेल्हाळ
मला अजूनही ते जुनं शेवटचं वाक्य आवडतं. नोंद असू द्या.

प्रूफवाला
नोंद घेतली. अर्धविराम, 'काही केल्या' हवंय का तेवढं बघा, 'आठवेना' एकटं पुरेल असं मला वाटतं. आणि चार वाक्यांवर इथे सगळे खूश झालेत, पण कथा पुढे आहे. भाषणं सुरू होतात तिथलं पान टाका.

अर्धविराम
'काही केल्या' ठेवतोय, तो बराच वेळ आठवायचा प्रयत्न करतोय ते त्यात आहे. भाषणांचं पान फारच लांबलंय, सगळे साहेब एकसारखंच बोलतायत. आधी स्वतः कापतो, मग टाकतो.